बत्तीस ठोक्यांची जागा

तालमीची खोली गाद्यांच्या दुकानावर होती. दुकानदाराने खराब निघालेल्या गाद्या वर पाठवून दिल्या होत्या आणि त्या चारी भिंतींना उभ्या टेकवल्या होत्या. त्यामुळे आत आवाज घुमत नसे. कोणी शिंकलं तर शिंक जिथल्या तिथे विझून जाई. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिघं तिथे जमत. पियानोवर ती, ड्रमवर तिचा थोरला भाऊ, आणि माणसाएवढं तंतुवाद्य, उभा बास, वाजवणारा एक सव्वासहा फुटी अबोल माणूस, ज्याला सगळे शिडी म्हणत.

पूर्वी चौघं होती. चौथा, खरं तर पहिला, सॅक्सोफोनवाला. तोंडावर सगळे त्याला सर म्हणत आणि पाठीमागे मौनी. तरुणपणी तो जहाजांवरच्या नाचाच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि त्याच्याइतक्या वेगाने बोटं चालवणारा दुसरा माणूस नव्हता. चाळिशीनंतर तो सूर कमी करत गेला. एका समीक्षकाने लिहिलं की हा आळशी झाला आहे. दहा वर्षांनी त्याच समीक्षकाने त्याच वादनाला थोर म्हटलं. शेवटी शेवटी तर एका चालीच्या मधोमध तो वाद्य गळ्यात लोंबतं ठेवून, डोळे मिटून, बत्तीस ठोके नुसता उभा राहायचा. लोक श्वास रोखून बसत. शिष्यांना त्याचा एकच धडा होता, "सूर कोणीही भरेल. जागा सोडायला शिका."

ती बरोबर उलटी. आठ वर्षं नाचाच्या वर्गांना साथ केलेली, मग हॉटेलच्या लॉबीत, जिथे दोन मिनिटं हात थांबले तर मॅनेजर मान उंच करून बघायचा. रिकामी जागा दिसली की तिचे हात शिवशिवत. ती अठ्ठावीस वर्षांची असताना मौनीने तिला बोलावलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं, सगळ्यात जास्त तिलाच. चौदा वर्षं ती त्याच्याबरोबर वाजवत राहिली. त्या बत्तीस ठोक्यांत तिने काही करायचं नसे. "तू फक्त मोज," एवढंच तो सांगायचा.

गेल्या वर्षी त्याचे दात गेले. सॅक्सोफोन तोंडात धरायला वरचे दात लागतात. कवळीवर ते जमेना. "बत्तीशी गेली, बत्तीस ठोके तेवढे राहिले," असं हसत म्हणून त्याने वाद्य पेटीत ठेवलं. तिघांनी त्याच्या चालींचं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. त्या बत्तीस ठोक्यांच्या जागेत आपण वाजवावं असं तिने सुचवून पाहिलं.

"नको," दादा म्हणाला. "ती तशीच राहू दे."

वेगळं काही आहे हे तिच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते एका शुक्रवारी. जागा आली तसे तिने हात मांडीवर घेतले आणि बुटातल्या बुटात अंगठा हलवत मोजायला लागली. दादा झांज अगदी हलकी चालवत होता. शिडी थांबला होता. एकोणिसाव्या ठोक्याला दादाने मोठ्या ड्रमवर टपली मारली, आणि नेमक्या त्याच क्षणी शिडीने एक खालचा सूर ओढला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. कोणी झकास बोलून गेलं की आपण हलवतो तशी.

"हे कधी ठरवलंत?" चाल संपल्यावर तिने विचारलं.

"काय?"

"एकोणिसाव्यावरची टपली."

"ठरवलं कुठे? ऐकून वाजवलं."

"काय ऐकून?"

दादाने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि तिच्याकडे बघत राहिला. ती थट्टा करतेय की खरंच विचारतेय, हे त्याला कळत नव्हतं. मग म्हणाला, "चला, पुन्हा एकदा घेऊ."

पुढच्या मंगळवारी जागा संपून तिघांनी एकदम शिरायचं होतं. ती ठरलेल्या पट्टीत शिरली. शिडी एक सूर वर शिरला. दारात बोट चेमटावं तसा आवाज झाला.

"तू कुठे गेलीस?" शिडीने विचारलं. हा माणूस आठवड्यातून दहा वाक्यं बोलायचा.

"मी ठरलंय तिथेच आहे."

"पण तो तर वर घेऊन गेला." एवढं बोलून शिडी फडक्याने तारा पुसायला लागला. दादाने ड्रमचा स्क्रू उगाचच आवळला.

'तो' हा शब्द ती घरी घेऊन गेली. भांडी घासताना, कपडे वाळत टाकताना तो डोक्यात टोचत राहिला. दोघं मिळून आपली गंमत करताहेत म्हणावं, तर दादाला साधं खोटं बोलता यायचं नाही. लहानपणी आईने नुसतं बघितलं तरी तो कबूल करायचा. मग उरले आपले कान. ती कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. एका कपाटाएवढ्या खोलीत बसून, बारीकशी शीळ ऐकू आली की बटण दाबायचं होतं. तिने एकही शीळ सोडली नाही.

"वीस वर्षांच्या मुलीचे कान आहेत तुमचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असे कान रोज बघायला मिळत नाहीत."

तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी जिन्यात थांबून तिने तपासणीचा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

रेकॉर्डिंग दोन दिवस दुपारचं होतं. पहिल्या दुपारी एका दमात चाल झाली. ती जागेवरून उठतच होती, तेवढ्यात काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कागद आणि पेन्सिल घेऊन आत आला. नवा माणूस, कुणालाच न ओळखणारा.

"तुमची तिघांची नावं झाली," तो म्हणाला. "चौथ्यांचं काय लिहू?"

"चौथं कोण?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "नाही, घाईत त्यांना वेगळा माइक लावायचा राहिला. तरी स्वच्छ आलंय, म्हणून म्हटलं."

"तेवढं राहू दे," दादा म्हणाला. "मागाहून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मौनीकडे गेली. त्याच्या बायकोने दार उघडलं. "स्वयंपाकघरात बसलेत. फार बोलायला लावू नकोस गं, कवळी टोचते त्यांना."

टेबलावर वर्तमानपत्र पसरून तो सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायच्या जुन्या वेताच्या पट्ट्या निवडत होता. चांगल्या एकीकडे, चिरलेल्या एकीकडे. आता दोन्हींचा त्याला उपयोग नव्हता. गाल आत गेले होते. तिने सगळं सांगितलं, टपलीपासून पेन्सिलीपर्यंत. तो पट्ट्या निवडतच राहिला.

"सर, ते तुम्ही आहात का?" तिने शेवटी विचारलं. विचारताना तिलाच लाज वाटली.

"मी? मी इथे बसलोय ना." तो हसला. "मी त्या जागेत कधीच नव्हतो. मीही ऐकायलाच थांबायचो."

"कुणाला?"

"ते मला माहीत असतं तर एवढी वर्षं थांबलो असतो का?" एक पट्टी त्याने उजेडात धरून पाहिली. "जहाजावर असताना एकदा दमून मधेच थांबलो. तेव्हा पहिल्यांदा आलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. मग मी आणखी थांबायला लागलो. लोकांनी त्याला माझी शैली म्हटलं. मी नाही म्हटलं नाही."

नळ ठिबकत होता.

"मला का नाही ऐकू येत?"

"तुला येत नाही म्हणून तर तुला घेतलं." हे तो इतक्या सहज म्हणाला, की पहिल्यांदा तिला कळलंच नाही. "आम्ही ऐकत बसलो तर मोजायचं भान कुणाला राहणार? एकदा आम्ही पाऊण तास आत राहिलो होतो. लोक उठून गेले होते. एक तरी मोजणारं माणूस लागतं."

"म्हणजे माझं वाजवणं..."

"वाजवणं चांगलंच होतं तुझं," तो म्हणाला. त्यातलं 'होतं' तिला बोचलं. ती निघाली, तेव्हा तो मागून म्हणाला, "मोजत राहा. तेवढी जागा मात्र भरायला जाऊ नकोस."

चौदा वर्षं. वर्तमानपत्रांची कात्रणं, चार परदेशवाऱ्या, फळीवरच्या सात रेकॉर्डी. रस्त्याने चालताना ती एकेक आठवत होती आणि प्रत्येकीत स्वतःला बघत होती. हात मांडीवर, बुटात हलणारा अंगठा.

दुपारी स्टुडिओत ती वेळेआधी पोचली.

चाल सुरू झाली. जागा आली. दादाने झांज हलकी केली, शिडी थांबला, दोघांनी माना किंचित कलत्या केल्या.

ती थांबली नाही.

तिने डाव्या हाताने पायरी पायरीने खाली उतरायला सुरुवात केली आणि उजव्या हाताने वर, दोन्ही हात एकमेकांपासून लांब जात. असं तिने कधी वाजवलं नव्हतं. नाचाचे वर्ग नव्हते त्यात, लॉबी नव्हती, मौनीही नव्हता. बोटं पुढे आणि ती मागे. आयुष्यात पहिल्यांदा ती मोजत नव्हती.

चाल संपली. दादाचे डोळे भरून आले होते.

"असं तू कधीच वाजवलं नव्हतंस," तो म्हणाला.

रेकॉर्डिस्टने सगळ्यांना काचेपलीकडे बोलावून चाल परत ऐकवली. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

जागा आली.

दादाची झांज. शिडीच्या बोटाची तारेवरची खरखर. बाकी काही नाही.

बत्तीस ठोके तिने मोजले. बाकीचे तिघंही पुढे झुकून ऐकत होते. रेकॉर्डिस्टने एक बटण हळूच वर सरकवलं. एकोणिसाव्याला शिडी हसला.

"पियानो कुठाय?" तिने विचारलं.

"हा काय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "थोडा कमी करू का?"

घरी सोडायला दादाची गाडी होती. ऊन उतरत होतं, रस्ता तुंबला होता. ती दार धरून बसली, दात आवळून. आता एक शब्द बोलायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

"हं," दादा म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"खरंय तुझं," थोड्या वेळाने तो म्हणाला. मग हसला, अगदी मनापासून. "आईला आवडलं असतं हे ऐकायला."

"दादा, मी काही बोलले नाही."

"इतकी वर्षं नाही बोललीस. आता बोललीस, बरं झालं."

सिग्नल लाल झाला. ती बोलायला लागली. जे सुचेल ते. गाड्यांचे नंबर वाचले, दुकानांच्या पाट्या वाचल्या, स्वतःचा पत्ता सांगितला, पुन्हा सांगितला, शब्दाला शब्द जोडत, मधे फट राहणार नाही अशी. दादा शांतपणे ऐकत होता.

शेवटी श्वास घेण्यापुरती ती थांबली.

दादाने मान डोलावली. "बरं," तो म्हणाला, "तू म्हणतेस तसंच करू." आणि त्याने गाडी तिच्या घराच्या उलट्या दिशेला वळवली.