खुंट्यातलं टोक

"टोक वर नको, मामा! खाली घे!"

धनाजीमामाचा हातोडा हवेतच थांबला. ऐरणीवरचा सुरीचा लालबुंद तुकडा त्याने पुन्हा भट्टीत सारला. रबाळ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जीव नकोसा करणारा उकाडा होता. पण ज्ञानेश्वरी जाधव, इयत्ता सातवी, जागची हलायला तयार नव्हती!

"आगं, तू जानार त्या शिबिराच्या जाहिरातीतली सुरी बघ की! वर उचललेलं सुईवानी टोक, पाठीवर करवतीचे दाते. कसली झ्याक दिसतीया!"

"दिसू दे! मला काम करायचंय. पाठ सरळ ठेव, म्हणजे वरून ठोकून लाकूड फोडता येतं. आणि टोकाशी ती हळूच खाली उतरव, म्हणजे टोक जाड राहील. ते सुईटोक पहिल्याच गाठीत मोडेल!"

हे काही ती पुस्तकात वाचून बोलत नव्हती. तीन सुट्ट्या ती याच शेडमध्ये लुडबुडत होती. टोक मोडून दुरुस्तीला येणाऱ्या सुऱ्या कुठल्या घाटाच्या असतात, हे तिला तोंडपाठ होतं. मामाने डोळे मिचकावले आणि तिला हवा तसाच घाट दिला.

दिवाळीच्या सुट्टीतलं ते रानशिबिर सारसोळ्याच्या खाडीकाठी भरलं होतं. शिकवणारे कुलदीपसर म्हणजे डोळ्यांवर काळा चष्मा, कमरेला ती जाहिरातीतली सुरी आणि हातात सदैव मोबाइल. ज्ञानेश्वरीची साधी सुरी पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय, भाजी चिरायला आलीस?"

सगळे खो खो हसले. नदीम आणि समरा हे तिच्या सोसायटीतले बहीणभाऊ तेवढे हसले नाहीत.

"सर, तुमची सुरी भारी दिसते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "माझी भारी चालते!"

सरांना हे झोंबलं. तीन दिवस त्यांनी तिला एकदाही शाबासकी दिली नाही, आणि तिनेही ती मागितली नाही!

चौथ्या दिवशी सकाळी काठावर एकच गलका झाला. वेणूबाई नावाच्या म्हाताऱ्या कोळणीची होडी ओहोटीबरोबर वाहत जाऊन पार तिवरांच्या चिखलात रुतली होती.

"कोनी कापला माजे होरीचा दोर?" वेणूबाई कडाडल्या. "ह्यो बघा, चरकन कापलेला हाय! आजचा धंदा बुरला माजा!"

कुलदीपसरांनी क्षणाचाही उशीर केला नाही. "शिबिराच्या सुऱ्या रोज पेटीत कुलूपबंद असतात. मी स्वतः मोजतो. बाहेर राहते ती एकच, घरून आणलेली! ज्ञानेश्वरी, सुरी इकडे दे. तुझ्या घरी फोन करतो. दुपारी तुला घेऊन जातील."

"मी दोर कापला नाही!"

"मग काय माशांनी कापला?"

ज्ञानेश्वरीचे कान तापले. रडू आलं होतं, पण या माणसासमोर रडायचं नाही, असं तिने दात आवळून ठरवलं. चोरासारखं मान खाली घालून घरी जायचं? मामाने घाम गाळून घडवलेली सुरी यांच्या पेटीत सोडून? मुळीच नाही!

"टेन्शन नको घेऊ यार," नदीम पुटपुटला. "पण आता करायचं काय?"

"जिथे दोर बांधला होता, तिथे जायचं!"

खुंटा किनाऱ्यावरच होता. जाड, काळपट लाकूड आणि त्यात ठोकलेली लोखंडी कडी. कडीत दोराची गाठ अजून अडकलेली होती. तिच्याभोवती लाकूड ताजं ताजं खरवडलेलं दिसत होतं. समरा खाली वाकली. "ए, इथे काहीतरी चमकतंय!"

कडी आणि लाकूड यांच्या फटीत पोलादाचा एक बारीक तुकडा घट्ट रुतला होता. नदीमने बोट पुढे केलं.

"हात लावू नकोस!" ज्ञानेश्वरी ओरडली. "तिथेच राहू दे. अरे, कुणीतरी दोर कापला आणि मग पुरावा लपवायला कापलेली गाठही काढायला गेलं. ती उचकटताना टोक मोडलं! आणि बघ, किती बारीक आहे. माझ्या सुरीचं टोक तर शाबूत आहे!"

"मग पेटीतल्या सुऱ्यांचं?" समराने विचारलं.

"त्या सरांनी मोजल्यात. पण सरांची कुणी मोजली?"

तिघांनी डोकी जवळ आणून बेत रचला.

दुपारी शिबिर बघायला बोलावलेले पालक जमले. वेणूबाईही कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कुलदीपसर सुऱ्यांची महती सांगत होते. तेवढ्यात नदीमने लाकडाचा एक ठोकळा पुढे केला.

"सर, याला टोकाने भोक पाडून दाखवा ना!"

"हो, हो! दाखवा!" मुलांनी गिल्ला केला.

सरांनी घाईघाईने पेटीतून नवीन सुरी उचलली.

"ती नको!" ज्ञानेश्वरी सरळ त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "कमरेची काढा."

"तुला घरी जायला सांगितलंय ना?"

"जाईन. तुमची सुरी बघून जाईन! सकाळी सगळ्यांसमोर माझी घेतलीत, आता सगळ्यांसमोर तुमची काढा!"

सरांनी म्यानावर हात ठेवला. मग वेणूबाईंचा आवाज आला. "काढ रं! लाजतंस कशाला?"

म्यानातून सुरी बाहेर आली. टोक गायब! ज्ञानेश्वरीने सगळ्यांना खुंट्यापाशी नेलं. वेणूबाईंनी सुरी तुकड्याला भिडवली. तंतोतंत जुळली!

"मी... मी सुरीच्या जाहिरातीचा व्हिडिओ काढत होतो," सर अडखळले. "एका वारात दोर! रंग उडालेला होता, मला वाटलं पडीक होडी आहे. मग घाबरलो." त्यांनी पेटीतून ज्ञानेश्वरीची सुरी काढून तिच्या हाती दिली. "सॉरी, ज्ञानेश्वरी," ते हळूच म्हणाले.

"आधी वेणूबाईंना म्हणा. आणि मोठ्याने! सकाळी माझं नाव घेतलंत ना, तेवढ्या मोठ्याने!"

सरांनी हात जोडले आणि अख्ख्या काठाला ऐकू जाईल अशी माफी मागितली. वेणूबाईंनी ज्ञानेश्वरीची हनुवटी धरली.

"कोनाची गो तू पोर? मोठ्या मानसाला उभ्या उभ्या खरा बोलायला लावलंस!"

"आमची हाय!" गर्दीतून धनाजीमामा गरजला. भाचीने प्रताप केलाय, घेऊन जा, असा फोन त्याला गेला होता आणि बिचारा तोंड पाडून आला होता. आता त्याची छाती फुगली होती. "चल गं, घरी न्यायला आलोय तुला!"

"आता न्यायाची नाय!" वेणूबाईंनी तिचा हात पकडला. "आधी होरी वोढायची हाय. शिबिराची आता हीच मास्तरीन!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नवीन दोर आला. मुलं, पालक, मामा, सगळे चिखलात उतरले. सगळ्यांत पुढे, गुडघाभर चिखलात, कुलदीपसर होते.

"जोर लावा, सर!" ज्ञानेश्वरी मागून ओरडली. "अजून जोर!"