एकेचाळिसाव्या ओळीतला सूर

पटलं नाही तर सोडून द्या. पण यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

रात्रही नव्हती. भर दुपार होती, अडीचचा सुमार. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. धुळ्यात, देवपुरातल्या पहिल्या मजल्यावरची एक खोली.

खोली पितांबर आबांची. आबा म्हणजे माझे मामा. अडतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर आजूबाजूची मुलं घरी जमवली. कुणाकडे बासरी, कुणाकडे हार्मोनियम. मूल कितीही बेसूर झालं तरी आबा ओरडायचे नाहीत. "हाई काय शे रे बाबा?" हे काय आहे, एवढंच अहिराणीत म्हणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे.

मुलांना जळगावच्या वाद्यवृंद स्पर्धेत वाजवायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत छापील स्वरलिपी मेलने पोचली नाही, तर नाव बाद.

स्वरलिपी आबा कॉम्प्युटरवर करायचे. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर अक्षरांत आणि आकड्यांत लिहायचे असतात, साध्या मजकुरासारखे. एका ओळीत आठ मात्रा, शेवटी उभी रेघ. मग बटण दाबलं की सुबक छापील पान तयार. मात्रा चुकली, की ओळीचा नंबर दाखवून तक्रार.

सोमवारी तक्रार आली.

ओळ एकेचाळीस. मात्रा जास्त.

आबांनी बोटांवर मोजलं... नऊ.

शेवटी एक सूर जास्तीचा होता. आपणच चुकलो असू म्हणून त्यांनी तो पुसला. पान स्वच्छ निघालं.

मंगळवारी पुन्हा तेच. ओळ एकेचाळीस... तोच सूर.

जुनी प्रत उघडली जात असेल, असं आबांना वाटलं. शोधलं, तर फाइल एकच होती. मग त्यांनी नवीन फाइल केली. निम्म्या ओळी घातल्या, तपासल्या. उरलेल्या निम्म्या घातल्या, तपासल्या. कुठेच चूक नाही. नाव बदलून जतन केली आणि जुनी काढून टाकली.

बुधवारी ती नवीन फाइल उघडली.

ओळ एकेचाळीस...

फाइल शेवटची कधी जतन झाली, ते आबांनी पाहिलं. दोन वाजून पस्तीस मिनिटं. आजच.

आता आबांच्या मनात पाल चुकचुकली. जेवण झालं की त्यांना कॉम्प्युटरसमोर खुर्चीतच डुलकी लागायची. त्या वेळी घरात एकच जण यायचं. पलक. कापडवाल्या मोहनलालांची सातवीतली मुलगी. तिची शाळा सकाळची, म्हणून बाकीच्यांच्या आधी येऊन ती टायपिंगला मदत करायची. तिच्यासाठी दार नुसतं लोटलेलं असायचं.

आणि दोन-तीन दिवस ती विचित्रच वागत होती. आबा जागे झाले की झटकन मागे सरकायची. नजर चुकवायची. काल तर तिने विचारलं होतं, गाढ झोप लागली होती का म्हणून.

चार वाजता सगळी मुलं जमली, तेव्हा आबांनी सर्वांसमोर विचारलं.

"पलक, फाइलला हात लावलास?"

ती बासरी पुसू लागली.

"मी झोपलो की काय करतेस तू?"

"काही नाही, आबा."

"खोटं बोलू नकोस."

अडतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुठल्याच मुलाला म्हटलं नव्हतं. पलकने बासरी पिशवीत घातली आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी आबांनी तो सूर पहिल्यांदा हार्मोनियमवर वाजवून पाहिला...

आणि हात तिथेच थांबला.

मुलं स्पर्धेत वाजवणार होती ती चाल पहूरच्या अमृत मास्तरांची. लग्नाच्या बँडमध्ये ते क्लॅरिनेट वाजवायचे. वरात मांडवाच्या दारात आली की नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत अमृत मास्तर एक सूर धरून ठेवायचे. ताशा थांबायचा, बाकीचे थांबायचे. आदल्या दिवाळीत त्यांनी ही चाल आबांना मोबाइलवर वाजवून पाठवली. सगळं लिहा म्हणून सोबत एवढंच बोलले होते, "गुरुजी, बठ्ठं लिखा, पन तो सूर सोडू नका."

आबांनी सोडला. मुलांनी ताल शिकावा, वरात नाही, असं म्हणून कापला.

जानेवारीत अमृत मास्तर गेले.

पलकला हे कुठून माहीत असणार?

आबांनी सूर पुन्हा पुसला.

गुरुवारी पलक आली नाही. आबांनी दाराला आतून कडी लावली. आज झोपायचं नाही, असं ठरवून बसले. तरी डोळा लागला.

जाग आली तेव्हा पावणेतीन झाले होते. कडी जशीच्या तशी.

ओळ एकेचाळीस...

जतन झाल्याची वेळ, दोन पस्तीस.

आबा तसेच उतरले, रिक्षा केली आणि मोहनलालांचं दुकान गाठलं. पलक गल्ल्यामागे अभ्यास करत बसली होती. मोहनलाल कापड मोजता मोजता म्हणाले, "गुरुजी, पोरीने मीटरभर कापड चुकीचं कापलं म्हणा, ऐकून घेईन. खोटं बोलली म्हणू नका."

आबांनी तिची माफी मागितली. बापासमोर, गिऱ्हाइकांसमोर.

पलकने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "आबा, तो सूर तुम्हीच लिहायचात. झोपेत."

आबांनी समोरचं स्टूल ओढलं आणि बसले.

"मी पुसला की तुमचे हात परत चालायचे. एरवी तुम्ही एका बोटाने टाइप करता ना? झोपेत दहाही बोटं चालायची." तिने स्वतःच्या गालाला बोट लावलं. "आणि गाल फुगलेले असायचे... फुंकताना असतात तसे."

"मग सांगितलं का नाहीस, बेटा?"

"तुम्ही घाबरला असता."

दोघं परत आले. आबांनी सूर पुसला नाही. त्या एका ओळीला नऊ मात्रा मंजूर केल्या. तक्रार आली नाही. पाचला दहा कमी असताना मेल गेला. मुलं जळगावला वाजवून आली.

त्यानंतर एकेचाळिसाव्या ओळीत काही झालेलं नाही.

तरी आबा आता दुपारी झोपत नाहीत. जेवल्यावर उभ्यानेच पेपर वाचतात. पलक रोज अडीचला येते, शेजारी बसते. आबा टाइप करतात, तिला समजावून सांगतात.

ती हो हो म्हणते. पण स्क्रीनकडे बघत नाही.

आबांच्या हातांकडे बघते.