माळावरची चार पिलं

बिळाच्या तोंडाशी काळी राख पडली होती, आणि बिळात काहीच नव्हतं.

वनपाल भोईटे पोटावर झोपून खांद्यापर्यंत आत शिरले. बॅटरीचा उजेड मागच्या भिंतीला लागला. हाड नाही, केस नाही, मांस जळाल्याचा वासही नाही. बाहेर येऊन त्यांनी राख बोटांत चोळली. कागदासारखी हलकी. तिच्यात एक लांब पातं अर्धवट जळून राहिलं होतं, ते त्यांनी रुमालात बांधलं.

१९९६ सालचा जानेवारी. डाळज गावाला लागून कालवा आहे. कालव्याच्या अलीकडे गाव आणि ऊस, पलीकडे उघडा माळ. त्या माळावर कुणीतरी लांडग्याच्या बिळाला धुरी दिली होती. चार दिवस झाले होते. आणि चारही दिवस, सूर्य कलला की कालव्याच्या अंगाने हेल काढून रडणं ऐकू यायचं. लांडगीणही पिलांबरोबर जळाली, आता तिचं भूत हिंडतंय, असं गाव म्हणत होतं. दिवेलागणीच्या आत दारं लागत होती.

भोईट्यांचा भुतावर विश्वास नव्हता. तरी काल शाळेच्या पडवीत ते रडणं ऐकताना त्यांच्या हातातला चहा निवून गेला. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. हद्द त्यांची, आणि माळावर पिलं आहेत हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

काल ते संभाजी मास्तरांकडेच गेले होते. तक्रार मास्तरांची. भला माणूस. दहा वर्षं पोरांच्या गलोली काढून घेणारा, साप मारू न देणारा. उद्या शाळेत त्यांनी वन्यजीवांचा मेळावा ठेवला होता, आणि पडवीत बसून ते फलक रंगवत होते: ‘चार मुक्या पिलांचा बळी! आपण गप्प बसणार?’

‘‘म्हस्कू धनगराचंच काम,’’ मास्तर ब्रश न थांबवता म्हणाले. ‘‘आठ कोकरं गेलीत त्याची.’’

वरच्या साहेबांचाही हुकूम आला होता. मेळाव्याच्या आत गुन्हा नोंदवा, म्हस्कूला अटक करा. गावाने तर निकाल देऊनच टाकला होता. धनगर आणि लांडगा म्हटल्यावर साक्षीपुरावा कशाला हवा?

म्हस्कूचा वाडा, म्हणजे मेंढरांचं काटेरी कुंपण, माळाच्या मावळतीला होता. भोईटे बिळावरून तडक तिकडे गेले. म्हातारा कोकराच्या खुरातला काटा काढत होता. त्याची बायको तानूबाई दगडावर बसून बघत होती.

‘‘बीळ ठाऊक होतं?’’

‘‘व्हय.’’

‘‘पिलं पाहिली होती?’’

‘‘पायली. चार हुती. एकाचं कान पांढरं.’’

‘‘कुणाला सांगितलंस?’’

‘‘हिला बी न्हाय सांगितलं. लांडग्याचं बीळ सांगितलं की मानसं काठ्या घिऊन येत्यात.’’

भोईट्यांनी विचारलं, ‘‘या चार दिवसांत मेंढरू गेलं?’’

‘‘एक बी न्हाय. ती हिकडं फिरकतच न्हाय.’’

‘‘धुरी तू दिलीस?’’

म्हस्कूने कोकरू खाली सोडलं. ‘‘साहेब, राग हाय मला तिचा. आठ कोकरं न्हेली, राग येनार न्हाय व्हय? पर व्यालेल्या जित्राबाच्या वाटंला आमी जात न्हाय. द्येवाला काय त्वांड दावायचं?’’

भोईट्यांनी रुमाल सोडून ते पातं पुढे धरलं. म्हाताऱ्याला हसू आलं.

‘‘ह्ये पाचट हाय. उसाचं. भडकन पेटतंय, धूर धरत न्हाय. धुरी द्यायची तर वला लिंबाचा पाला घालत्यात. ह्ये बागायतदाराचं काम.’’

‘‘चल माझ्याबरोबर,’’ भोईटे म्हणाले.

दोघे माळ उतरून कालव्यावर आले. ओल्या मातीत ठसे होते, एकावर एक. म्हस्कू वाकला. ‘‘जिती हाय साहेब. भुताचा पाय उमटत न्हाय.’’ ठसे पूल ओलांडून उसाच्या बांधाने गेले आणि एका गोठ्याच्या मागच्या भिंतीशी थांबले. तिथली माती नखांनी उकरलेली होती.

गोठा संभाजी मास्तरांचा होता.

मास्तर अंगणातच होते. म्हस्कूला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

‘‘मास्तर, पिलं काढा,’’ भोईटे म्हणाले.

‘‘कसली पिलं?’’

‘‘तुमच्या फलकावरची. बिळात चार पिलं होती हे म्हस्कूशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याने ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. मोजायला बिळात हात घालावा लागतो. जळालेली म्हणावीत तर आत एक हाड नाही. राख पाचटाची, माळावर पाचट नसतं. आणि आई रोज रडायला येते ती धनगराच्या वाड्याकडे नाही, तुमच्या गोठ्याकडे. गाव तिला भूत म्हणत होतं. ती तर पत्ता सांगत होती.’’

मास्तर ओट्यावर बसले. त्यांची बायको जयवंताबाई आत गेली आणि वेताची पाटी घेऊन आली. पाटीत गोणपाटावर दोन पिलं होती.

‘‘दोन गेली,’’ ती म्हणाली. ‘‘म्हशीचं दूध सोसलं न्हाय. मी म्हनलं यांना, परत ठिवा.’’

‘‘मारायची नव्हती हो,’’ मास्तर रडू लागले. ‘‘मादी बाहेर पळावी एवढाच जाळ केला. आगीतून वाचवली असं सांगून उद्या मेळाव्यात पोरांच्या हातात दिली असती. एकदा कुरवाळलं असतं, तर त्यांनी जन्मात लांडगा मारला नसता.’’

‘‘आणि म्हस्कू?’’

‘‘त्याने आज ना उद्या मारलीच असती.’’

म्हस्कूने मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने पाटी उचलली. ‘‘चला साहेब. ती रोज बिळावरनंच उतरती. दिस बुडायच्या आत ठिवू.’’

‘‘मास्तर, तुम्हीही चला,’’ भोईटे म्हणाले. ‘‘गुन्हा तुमच्या नावावर नोंदवणार आहे. ते नंतर.’’

म्हस्कूने पिलांना बिळातली माती चोळली आणि तोंडाशी ठेवलं. तिघे तरवडाच्या झुडपांमागे आडवे झाले. वारा त्यांच्याकडे येत होता.

ती आली. हडकलेली, थानं सुकलेली. क्षणभर तिने पिलं हुंगली, मग एकाला तोंडात धरून टेकडीपलीकडे गेली. परत आली, दुसरं नेलं.

‘‘वाचली,’’ मास्तर पुटपुटले.

ती तिसऱ्यांदा आली.

तिने माती हुंगली. बिळात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. मग बिळापुढे बसून तिने मान वर केली आणि हाक मारली. थांबली, कान टवकारून ऐकलं, पुन्हा हाक मारली.

मास्तर कानांवर हात ठेवून उठायला लागले. भोईट्यांनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं.

‘‘बसा,’’ ते म्हणाले. ‘‘ती थांबेपर्यंत बसायचं.’’

माळ काळा झाला तरी ती थांबली नव्हती.