स्वरजुळी आणि खिरापतीचा डबा

आपण गप्प असताना आपलाच आवाज कानावर आला तर? ताप उतरल्यावर रेवती उठून बसली, तेव्हा सोसायटीच्या वाहिनीवर तिचाच आवाज बातम्या देत होता, तोही एकदाही न अडखळता.

ती होती स्वरजुळी (संगणकाने घडवलेली आवाजाची हुबेहूब नक्कल). एरवी बातम्या रेवतीच द्यायची; ती आजारी पडली म्हणून वाहिनी चालवणाऱ्या कान्हेरेकाकूंनी जुळीला कामाला लावलं होतं. आता भोंडल्याचं निवेदनही जुळीच करील, ती चुकत नाही, असं काकूंनी सांगून टाकलं. हौसेचं काम हातचं गेलं. रेवतीचं तोंड एवढंसं झालं.

"तीच रेवती असेल, तर मी कोण?" तिनं आजोबांना विचारलं.

आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ. त्यांनी समजावलं, की यंत्रानं तिची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकलीत. कुठल्या शब्दामागून ती बहुधा काय बोलते, याची संभाव्यता (शक्यतेचं गणित) मांडून ते पुढचा शब्द निवडतं. थोडक्यात, जुळीला कालपर्यंतची रेवती तोंडपाठ आहे. रेवतीला हे कळलं, पण बरं काही वाटलं नाही.

भोंडल्याला गाणी झाली आणि खिरापत ओळखायची वेळ आली. डबा आणला होता अंजूनं. ती बिहारहून नुकतीच राहायला आलेली. तिनं डबा हलवला.

"करंजी!" रेवती आणि जुळी एकदमच म्हणाल्या. सगळ्या खो खो हसल्या. रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुळी पुढे सुरूच. शंकरपाळे, चिवडा, अनारसे. रेवतीचा दरवर्षीचाच क्रम. एकही बरोबर येईना. आपण काहीतरी भलतंच आणलं असं वाटून अंजूचे डोळे भरून आले. जुळीला ते कुठून दिसणार? रेवतीला दिसलं. आजवर तिनं एकाही भोंडल्यात हार मानली नव्हती.

"अंजू, हरलो गं आम्ही. तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

"ठेकुआ," अंजू म्हणाली आणि तिनं झाकण उघडलं. गूळ-तूप घालून तळलेल्या कणकेच्या वड्यांचा वास सुटला, मुली डब्यावर तुटून पडल्या. कान्हेरेकाकूंनी जुळी बंद केली आणि माईक रेवतीच्या हातात दिला.

घरी जाताना आजोबांनी खरं ते सांगितलं. आजचं मुद्रण ऐकून उद्या जुळीही हार मानायला शिकेल.

"शिकू दे की," रेवती म्हणाली. "तोवर मी अंजूकडे ठेकुआ करायला शिकते."