सहा केशरी अक्षरं

"दार लागलं!" पोपट किंचाळला. किंचाळताना त्याच्या लक्षात आलं, की ते त्याच्याच कोपराच्या धक्क्याने लागलंय.

मामांच्या फुलांच्या दुकानामागे कोल्ड रूम होती. तिचं दार पोलादी, वीतभर जाड. बाहेर कुलपाला ए टू झेड बटणं. सहा अक्षरांचा इंग्रजी शब्द दाबला की दार उघडायचं, आणि ढकललं की आपोआप बंद व्हायचं. आतून उघडायची कळ कधीची मोडली होती. "उद्या बघतो," असं मामा रोज म्हणायचे आणि त्यांचा तो उद्या काही उजाडत नव्हता.

आत्ता त्या दाराआड टिल्ली होती. मामांची सहा वर्षांची मुलगी, अंगात पातळ फ्रॉक आणि जिवाला दमा. ताई आणि तिचा धाकटा भाऊ पोपट सुट्टीला म्हणून आलेले, सकाळपासून उघड्या दारातून फुलांच्या बादल्या आत नेऊन ठेवत होते. ही चिमुरडी त्यांच्या पायांतून केव्हा आत सटकली, ते दोघांनाही कळलं नाही. आतून टकटक ऐकू आली, मग खोकला, तेव्हा ताईने मामीला हाक मारली.

मामी धावत आली. तिने आधी गारव्याचं मशीन बंद केलं. पण आतली थंडी थोडीच लगेच पळणार! टिल्लीचा दम्याचा पंप मामीच्या पर्समध्ये होता, म्हणजे दाराच्या नेमक्या चुकीच्या बाजूला. आणि शब्द? तो मामांनी सकाळीच बदलला होता आणि घाईघाईत विमान पकडायला गेले होते. बायकोला सांगायचं राहूनच गेलं. आता ते ढगांच्या वर, फोन बंद.

मामीने बटणांचा फोटो काढून कुलपाच्या मेकॅनिकला पाठवला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. निघतो म्हणाला, पण बजावलंही, की तीनदा शब्द चुकला तर कुलूप अर्धा तास मुकं होतं, मग देवालाही उघडत नाही. मामीने हातोडा उचलला. दाराला पोचा पडला, बाकी काही नाही.

"ताई, ही बटणं बघ!" पोपट म्हणाला. सहा बटणं केशरी झाली होती. ए, ई, एल, पी, एस, टी.

ते लिलीचे पराग होते. पाकळ्यांवर सांडले तर डाग जात नाही, म्हणून फूल आत ठेवण्याआधी ते खुडून टाकावे लागतात. हातमोजे घालायचे असतात, पण मामांना ते नवशिक्यांचं काम वाटायचं. तशाच माखलेल्या बोटांनी त्यांनी नवा शब्द दाबला होता.

पोपटने एक पुठ्ठा ओढला आणि त्या सहा अक्षरांची उलटापालट सुरू केली. शब्दकोड्यांत तो भलताच तयार होता. "पेटल्स! पाकळ्या! फुलवाल्याचा शब्द दुसरा कुठला असणार?" त्याने घाईघाईने बटणं दाबली. लाल दिवा लागला.

मग प्लेट्स. पुन्हा लाल दिवा.

आता एकच संधी होती, आणि पुठ्ठ्यावर आणखी शब्द उतरत होते. पेस्टल, प्लीट्स, स्टेपल. सगळ्यांत तीच सहा अक्षरं! पोपटचा चेहरा पांढराफटक पडला. "यातला कुठला? ताई, मला नाही सांगता येत. मीच दार लावलं आणि आता मीच..." आतली टकटक हळू झाली होती. मामी दाराला कान लावून टिल्लीला हाका मारत होती, आणि हाक मारता मारता तिचा आवाज फुटत होता.

ताईचा धीर सुटला. ती दोन्ही हातांनी दारावर थपडा मारत सुटली. "टिल्ली, झोपू नकोस! ऐकतेस ना? झोपू नकोस!"

थपडा मारून हात दुखले, तेव्हा ती थांबली आणि दाराकडे बघतच राहिली. सकाळी तिनेही लिलीचे पराग खुडले होते. पोलादावर तिच्या पंजांचे ठसे उमटले होते. पहिला गडद केशरी, त्यानंतरचा फिका, शेवटचा जेमतेम दिसणारा.

"पोपट, मामांचं बोटही असंच पुसत गेलं असणार! पहिलं अक्षर सगळ्यांत गडद."

पोपट बटणांकडे झेपावला आणि रडकुंडीला आला. दोनदा दाबून दाबून त्याने सगळे डाग फासून ठेवले होते. आता सगळी बटणं सारखीच मळकी.

"मामी, फोटो! तू मेकॅनिकला पाठवलास तो!"

मामीने फोन काढताच ताईने तो तिच्या हातातून घेतला. तिने फोटो मोठा केला. एसवर केशरी थर बसला होता. टी त्याहून फिकं. शेवटच्या दोनांत गडद कुठलं ते तर कळतही नव्हतं, पण त्याची गरजच नव्हती. पुठ्ठ्यावर एसने सुरू होणारा शब्द एकच होता.

"स्टेपल," पोपट कुजबुजला. "फुलांच्या कागदाला टाचण्या मारतात, त्या."

ताईने एकेक बटण दाबलं. शेवटच्या ईवर तिचं बोट क्षणभर अडलं. हेही चुकलं तर? तिने डोळे मिटले आणि दाबलं.

खट्ट! दार सुटलं.

टिल्ली दाराशीच मुटकुळं करून बसली होती, ओठ निळे, छातीत शिट्टी वाजत असलेली. मामीने तिला उचललं, पंप तोंडाला लावला, ताईने आपला स्वेटर तिच्याभोवती गुंडाळला. पोपट तिचे तळपाय चोळत राहिला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. हळूहळू शिट्टी कमी झाली आणि गालांवर रंग आला. मामीने बोलावल्यावर धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मामीला बाजूला नेऊन सांगितलं.

मेकॅनिक पोचला, तेव्हा दार सताड उघडं. त्याने फोटो बघितला, पुठ्ठा बघितला आणि कबूल केलं, की त्याने तोच फोटो वाटेत बघितला होता, पण त्याला फक्त बटणं दिसली.

संध्याकाळी मामांचा फोन आला. सगळं ऐकून एरवी तासभर बोलणारे मामा एवढंच म्हणाले, "तिला दे." टिल्ली फोनमध्ये नुसती खोकली आणि पलीकडे मामा हमसून हमसून रडू लागले.

मामीने फोन परत घेतला. तिने ताईला एका हाताने जवळ घेतलं आणि दूर कोपऱ्यात मान खाली घालून बसलेल्या पोपटला दुसऱ्या हाताने ओढलं.

"दार या पोराने लावलं नाही हो," ती फोनमध्ये म्हणाली, "ते आपण दोघांनी लावलं, ती कळ मोडकीच ठेवून. या दोघांनी उघडलं."