गाद्यांच्या दुकानातले अलंकार

तो आमच्या दुकानात आला, गादीवर आडवा झाला आणि झोपला. आमची पहिली भेट एवढीच. त्याच्या बाजूने तर तेवढीही नाही.

दुकान गाद्यांचं. काकांचं. गिऱ्हाइकांना "झोपून बघा ना" म्हणणं हे माझं काम. लोक लाजत टेकतात, कूस बदलून बघतात, भाव विचारतात आणि उठतात. हा मात्र "फक्त एक मिनिट हं…" म्हणाला आणि झोपेत गेला. दर्शनी काचेला लागून, रस्त्याकडे तोंड करून, शांत.

मी उठवायला निघाले तर काकांनी हात धरला.

"थांब. बाहेर बघ."

बाहेर माणसं थांबली होती. एक बाई नवऱ्याला कोपराने ढोसून आत दाखवत होती. अशी झोप म्हणे त्यांच्या घरात कुणाला लागत नाही. दुपार सरेपर्यंत आमच्या निम्म्या गाद्या खपल्या.

"हा माणूस नाहीच," काका भारावून म्हणाले. "ही जाहिरात आहे."

त्याच्या अंगावर चादर मी घातली. धंद्यासाठी.

उठल्यावर त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि पांढरा पडला. समोरच्या संध्याकाळच्या कॉलेजात तो साहित्य शिकवायचा आणि त्याचा तास होऊन गेला होता.

"काय शिकवणार होता आज?"

"अलंकार."

"मग मुलं तुमचे आभारच मानत असतील."

तो हसला. झोपेने त्याच्या गालावर गादीची शिवण उमटली होती आणि ती हसताना वाकडी झाली… मी उशा नीट लावायला लागले. त्या नीटच होत्या.

"आभार मी मानायला हवेत," तो म्हणाला. "आमच्या वरच्या मजल्यावर एकाने ड्रम शिकायला घेतलाय. कित्येक दिवसांनी डोळा लागला." त्याने माझे आभार मानले, काकांचे मानले, उशीचे मानले. जाताना दाराचेही मानले. ते मीच उघडलं होतं, पण असो.

इकडे अलंकार हाच माझा राहिलेला पेपर होता. माझी पदवी त्या एका पेपरात अडकलेली. वाचनालयात मुलांच्या विभागातली नोकरी माझ्यासाठी ठेवली होती. पदवी दाखवा आणि रुजू व्हा. दोनदा आपटले होते, तिसरी संधी शेवटची. ती गेली की मी जन्मभर लोकांना "झोपून बघा" म्हणत राहणार.

दुसऱ्या दिवशी तो चादर धुवायला मागायला आला, तेव्हा मी धीर करून म्हटलं.

"तुम्ही रोज दुपारी इथे झोपा. उठलात की मला शिकवा."

त्याने काकांकडे पाहिलं.

"फुकट जाहिरात आणि फुकट शिकवणी," काका म्हणाले. "मी आणखी काय मागू देवाकडे?"

तर असा आमचा अभ्यास सुरू झाला. पहिल्याच दिवशी त्याने हातातली उशी बाजूला ठेवून गादीवर थाप मारली.

"ही गादी ढगासारखी मऊ आहे. झाली उपमा. दोन गोष्टींत सारखेपणा दाखवला. आता, ही गादी जणू ढगच. उत्प्रेक्षा. जणू ती दुसरी गोष्टच आहे अशी कल्पना केली."

"आणि नुसतंच म्हटलं की गादी म्हणजे ढग?"

"रूपक. दोन्ही एकच मानून टाकल्या."

"आणि हिच्यापुढे ढगही टणक?"

"व्यतिरेक!" तो ताडकन उभा राहिला. "ज्याच्याशी तुलना करतो, त्यालाच मागे टाकायचं. कोण म्हणतं तुम्हाला येत नाही?"

"दोन परीक्षक."

"आणि काका म्हणाले होते ना, हा माणूस नाहीच, ही जाहिरात आहे?"

"तुम्ही जागे होता?"

"अर्धवट. तर ती अपन्हुती. असलेली वस्तू नाकारायची आणि ती दुसरीच आहे म्हणून सांगायचं." मग छताकडे बघत, "चादर घातलीत तेव्हाही… अर्धवटच."

मी पुन्हा उशा लावल्या.

काकांना हे सगळं फारच पटलं. त्यांनी पाट्या रंगवून घेतल्या आणि अलंकारांप्रमाणे भाव लावले. उपमेची गादी स्वस्त, रूपकाची मध्यम, अपन्हुतीची सगळ्यांत महाग. "ही गादी नव्हेच, हा ढग!" अशी पाटी लागली. आठवडा नाही झाला तर एक गृहस्थ गादी खांद्यावर घेऊन परत आले.

"तुम्ही म्हणालात ही गादी नाही. घरी नेली तर गादीच निघाली."

काकांनी त्यांना मुकाट्याने उपमेची दिली आणि फरक परत केला.

दिवस असे जात होते. शिकता शिकता आमची बोटं एकाच पानावर यायची आणि दोघांचीही चटकन मागे जायची, जणू पान तापलंय. (उत्प्रेक्षा. तेव्हा मला तेही ओळखता यायला लागलं होतं.)

"व्यतिरेकाचं आणखी एक उदाहरण द्या ना," मी एकदा म्हटलं.

"तुमच्या डोळ्यांपुढे…" तो म्हणाला आणि अडला.

"पुढे?"

"पुढचं सुचत नाही."

"साहित्य शिकवता ना तुम्ही?"

"म्हणून तर पंचाईत आहे. जे सुचतं ते सगळं आधीच कुणीतरी वापरलेलं असतं."

एकच अलंकार मला काही केल्या जमेना. स्वभावोक्ती. एखादा माणूस, प्राणी, जागा जशी आहे तशी नेमकी सांगायची, इतकी की समोर उभी राहावी.

"सजवायचं काहीच नाही, मग अलंकार कुठे आला त्यात?"

"बघण्यात," तो म्हणाला.

ढगांबद्दल काहीही बोललं तरी चालतं, ढग तक्रार घेऊन येत नाहीत. पण जे आहे तेच सांगायचं म्हणजे…

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. स्वभावोक्ती, स्वतःच्या उदाहरणासह. पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं. घाम पुसला आणि जे डोळ्यांपुढे आलं ते लिहून टाकलं:

"गाद्यांच्या दुकानात उशांच्या ढिगाला टेकून तो संत्रं सोलतो. साल न तोडता, एका लांब पट्टीत. मग प्रत्येक फोडीवरचे पांढरे धागे काढतो, जिभेचं टोक ओठांत धरून, सुईत दोरा ओवावा तसा. फोडी गुडघ्यावर ओळीने मांडतो. सगळ्यांत मोठी उचलून बाजूला ठेवतो आणि उरलेल्या खातो, पण बघत मात्र तिच्याकडेच राहतो."

बाहेर आल्यावर मला एकदम कळलं की मी काय लिहून आलेय. त्याला म्हटलं, पेपर बरा गेला. त्याने विचारलं, स्वभावोक्तीला काय लिहिलंत? म्हटलं, मांजर.

निकाल लागला. मी पास. काका रडले, मी रडले, वाचनालयातून फोन आला. तिन्ही वेळा माझे पेपर तपासणाऱ्यांचे मी मनोमन आभार मानले. पहिल्या दोघांचे जरा जास्त. त्यांनी पास केलं असतं तर मला अलंकार कधीच शिकावे लागले नसते.

त्याच दुपारी एक बाई दुकानात आल्या. साखळीचा चष्मा, ताठ मान. एकेका गादीवर आडव्या होऊन त्यांनी सगळ्या तपासल्या. शेवटी काचेजवळच्या गादीवर पडूनच मला म्हणाल्या,

"निकाल जाहीर झालाय, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. मी परीक्षक आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. पण संत्रं असं सोलणारा माणूस मी लहानाचा मोठा केलाय. ती मोठी फोड आजवर मला मिळायची. अलीकडे मिळत नाही. कुठे जाते ते पेपर तपासताना कळलं."

मी उशा लावायला घेतल्या. तेवढ्यात दार उघडून तो आत आला, कोपऱ्यावरून पळत आल्यासारखा धापा टाकत. "लागला ना निकाल… आत्या? तू इथे कशी?"

"झोपायला आलेय. तू कशाला येतोस?" आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "त्या उत्तराचा अर्धा गुण मी कापला. का, विचार."

"का?"

"मोठी फोड बाजूला ठेवतो एवढंच लिहिलंस. कुणासाठी ठेवतो, ते नाही लिहिलं. स्वभावोक्ती म्हणजे नेमकं हवं."

तो आत्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. सगळं त्याच्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. कान आधी लाल झाले.

"मांजर म्हणाला होतात," तो म्हणाला.

"घाबरले होते."

"मग… आता लिहायचं झालं तर? कुणासाठी?"

उपमा सुचत होत्या, रूपकं सुचत होती, ढग तर ढिगाने होते. मी त्यातलं काहीच घेतलं नाही.

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

"रोज ठेवत गेलो तर… चालेल? म्हणजे, कायम?"

"फक्त फोड?"

"सुरुवात तिथून करू."

"दोघं बाहेर जाऊन बोला," आत्याबाई कुशीवर वळत म्हणाल्या. "मला खरंच झोप लागतेय."

आम्ही बाहेर गेलो.