डाव्या सीटवरचा खळगा

कोपऱ्यातल्या त्या वेताच्या खुर्चीवर कुणाला का बसू देत नाही, हे विचारून तुम्ही पोरांनी मला भंडावून सोडलंत. नवस आहे बाळांनो माझा. तोही केला होता गॅरेजमध्ये, रात्री पावणेदोन वाजता. जवळ सरका, सांगते.

तुमचे काका गाड्यांच्या सीट शिवतात. त्या वर्षी त्यांच्याकडे एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आली. बुटकी, हिरवी, दोनच सीटची. आतलं सगळं नवं करायचं होतं: चामडं, गालिचा, दारांना आतून धरायचे पट्टे. मालक म्हातारे डॉक्टर. बायको जाऊन वर्ष झालेलं. त्यांनी एकच बजावलं होतं, "सगळं बदला, पण डाव्या सीटचा खळगा राहू द्या. ती तिथे बसायची. तेवढीच उरलीय माझ्याकडे."

बुधवारी रात्री काम लांबलं म्हणून मी डबा घेऊन गेले. गाडी नुसती झळकत होती. "काय देखणी झालीय हो!" म्हटलं, आणि बघते तर हे फरशीवर डोकं धरून बसलेले.

"मी खळगा भरला गं. खचलेलं दिसलं की भरायचं, हाताला तीच सवय. आतलं जुनं भरण दुपारी कचऱ्याच्या गाडीत गेलं."

"मग डॉक्टरांना सरळ सांगू या."

"काय सांगू? तुमची बायको मी फेकून दिली?"

सकाळी सातला डॉक्टर येणार होते. आम्ही सीट उसवली, फोम कोरला, पुन्हा शिवली. खळगा कुठला, नुसता खड्डा दिसे. नवा फोम घातला. त्यावर हे बसले. मग मला म्हणाले, "तू बस, तुझं वजन पुरेल."

"तीस वर्षांत आज दिसलं होय माझं वजन!"

तेवढंच हसलो. उठलं की फोम परत फुगायचा. एक वाजला. दीड वाजला. यांच्या बोटात सुई शिरली आणि हे लहान मुलासारखे रडायला लागले.

मी हात जोडले. "देवा, एवढं निस्तरून दे. त्या माउलीसाठी माझ्या घरात एक खुर्ची कायम रिकामी ठेवीन."

भिंतीवर पावणेदोन. शटर बंद. वारा नाही.

गाडी हलली.

थोडीशीच... डावीकडे. कुणी आत बसल्यावर कलते तशी.

चामडं करकरलं.

"अहो..."

सीट दबत होती. हळूहळू. दाराचा पट्टा ताणला गेला...

मी डोळे गच्च मिटले. नामस्मरण सुरू केलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

उघडले तेव्हा गाडी रिकामी. सीटवर खळगा.

सातच्या ठोक्याला डॉक्टर आले. खळग्यावरून हात फिरवत राहिले. कितीतरी वेळ. मग पट्टा चाचपला.

"हा जुनाच ठेवलात?"

यांनी नुसती मान हलवली. पट्टा मंगळवारीच नव्या चामड्यातून कापून लावलेला. नवाकोरा. आणि त्यावर चार बोटांची झीज होती. वर्षानुवर्षं धरल्यावर पडते तशी.

"मी फार जोरात पळवायचो," डॉक्टर म्हणाले. "ती घाबरून हाच धरून बसायची."

भिऊ नका रे. फक्त घरी गेलात की एक खुर्ची रिकामी ठेवा. आपलं माणूस लांबून येतं. त्याला टेकायला जागा हवी.